सूर्यास्ताआधीचं हॅलोविन

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

पप्पांनी मला हॅलोविन करायला सांगितलंय. पप्पांनी! माझी फाटकी जीन्स बघून ज्यांना आपल्या अख्ख्या कापड दुकानाचा अपमान झाल्यासारखं वाटतं, त्या प्रेमराजशेठनी!

दुकानात दिवाळीची गर्दी, आणि मला गल्ल्यामागे बोलावून मोबाइल दाखवला. दीदीचा फोटो. पुण्याच्या ऑफिसातला, गेल्या वर्षीचा. डोक्यावर चेटकिणीची काळी टोपी, गालावर काढलेलं कोळ्याचं जाळं, आणि तोंड उघडून हसतेय. "असं हसताना मी तिला घरी बघितलं नाही," म्हणाले. "हे जे काय भुताचं आहे ते इथे कर. तिला रमव." मग लगेच गिऱ्हाइकाकडे वळून शर्टपीस उलगडायला लागले.

दीदी म्हणजे प्रियल, माझी सख्खी मोठी बहीण. तिला दीक्षा घ्यायची आहे, जैन साध्वी व्हायचंय. जूनमध्ये नोकरी सोडून आली, चातुर्मासभर जैन स्थानकात मुक्कामाला असलेल्या साध्वींपाशी, महासतीजींपाशी बसली, आणि पर्युषण संपल्यावर एके दिवशी ताटावरच म्हणाली, "मला आज्ञा द्या." घरच्यांची आज्ञा असल्याशिवाय दीक्षा मिळत नाही. पप्पा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. कार्तिकी पौर्णिमा झाली की महासतीजी जळगाव सोडणार, आणि दीदीला त्यांच्याबरोबर पायी निघायचंय. म्हणजे पाच नोव्हेंबर. त्याआधी ती हसली की ती राहील — असं पप्पांचं गणित.

मलाही ती राहायला हवी आहे. घरात कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण चिडले की मला मराठीच सुचतं. शाळेचा गुण.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं तर नाही म्हणेल. न सांगता केलं तर येणार नाही. कॉलेजात आज एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं! "हॅलोविन करतेय, जोडीजोडीने फोटो शोधायचा खेळ, तू हवीस." मला वाटलं आता संसार कसा असार आहे ते ऐकावं लागणार. म्हणाली, "जोड्या किती?"

जोड्या किती! दीक्षा घ्यायला निघालेल्या बाईने असं विचारायचं असतं का? मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तिला आकडा सांगायच्या आधीच मी खोलीतून बाहेर पडले, का, ते कळलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

खेळ ठरला. नेटवर बघितलं, तिकडची पोरं असंच खेळतात. जोडीजोडीने स्कूटरवर निघायचं. कोडं सोडवायचं, ती वस्तू गावात शोधायची, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. सगळे फोटो आधी ज्यांचे, ते जिंकले. जोडीतल्या एकाचा तरी चेहरा फोटोत हवाच.

तो शेवटचा नियम फक्त दीदीसाठी आहे. आमच्या महासतीजी फोटो काढू देत नाहीत. म्हणजे दीदी गेली की तिचे फोटोही थांबले. लग्न करून गेलेल्या मुलीचे निदान फोटो तरी येतात — बाळाचे, मसुरीचे, नव्या पडद्यांचे. हिचं काय येणार? म्हणून म्हटलं, काढून ठेवावेत. खूप. वेडेवाकडे. तोंडात पाणीपुरी असतानाचे.

मम्मीला हे सांगितलं नाही. ती आधीच फोडणी देतानासुद्धा रडते आणि मोहरीचं नाव सांगते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. दिवसभर दुकानात उभी. पाय गेले. कोडी तीन झाली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. दीदीचा तेला — तीन दिवस उपास, फक्त उकळलेलं पाणी. आम्ही तिच्यासमोर बसून घेवर खाल्ला. ती मला म्हणाली, "तुझ्या वाट्याचा छोटा का घेतलास? माझाही घे." घेतला. गोडच लागला नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. मम्मी, दीदी आणि मी धुळ्याला मामाकडे जाऊन आलो. मामाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "पुण्यात कोण होता? तुला माहीत असणार." मामीलाही तेच हवं होतं. सगळ्यांनाच पुण्यातला एक मुलगा हवाय. नसलेला मुलगा आमच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा झालाय! तो सापडला की त्याला शिव्या घालायच्या, दीदीला समजावायचं, आणि सगळं सुरळीत.

खोटं कशाला बोलू, मीही त्याला शोधलंय. तिचा फोन दोनदा तपासला. ऑफिसच्या जेवणाची बिलं आणि प्रवचनं. बस्स.

येताना बस पारोळ्याच्या स्टँडवर थांबली होती. मम्मीला डुलकी लागलेली. मी सरळ विचारलं, "पुण्यात काय झालं, खरं सांग."

"काही नाही झालं."

"मग जातेस कशाला?"

"जिनू, काही झालं तरच माणूस जातं का?"

चिडून खाली उतरले आणि खारे शेंगदाणे घेतले. वर आल्यावर आठवलं — दिवस मावळलाय, ती खाणार नाही. मग मीही नाही खाल्ले. त्याने आणखीच चिडले.

२६ ऑक्टोबर, रविवार

नवं संकट. दादीला आज पार्टीचा पत्ता लागला. मला वाटलं भुताखेतांवरून ओरडेल. तिला भुताचं काही नाही! तिने एवढंच विचारलं — जेवण किती वाजता?

मी म्हटलं, रात्री. हॅलोविन रात्रीच असतं.

"रात पड्यां पछै खाणो कोनी." रात्री खायचं नाही. संपलं. चातुर्मास संपलेला नाही, घरात एक मुलगी दीक्षेला उभी, आणि तिच्या, म्हणजे धापूबाईच्या, नाती अंधारात पाणीपुरी खाणार? दीदीसुद्धा दादीच्या बाजूने. अर्थात!

म्हणजे आता हॅलोविन दुपारी दोनला. कडक उन्हात. सहाच्या आत सगळ्या भुतांनी जेवून हात धुवायचे.

पुनमला फोन केला. ती माझ्या वर्गातली, भडगावची, दिवाळीला घरी गेलीय. ती इतकी हसली की तिच्या आईने फोन घेऊन मला विचारलं, काय झालं. पुनम मागून ओरडत होती, "भूत काय दुपारले येस का व?"

येस! जळगावात येस. आमच्याकडे त्यालाही सूर्यास्ताआधी जेवावं लागतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पुनम आली, बसभर मांडीवर भलंमोठं डांगर घेऊन. ती लाल भोपळ्याला डांगर म्हणते. तिच्या वडिलांनी, अभिमन नानांनी, शेतातलं सगळ्यात मोठं निवडून दिलं. पोरीच्या मैत्रिणीकडे भुताची पूजा आहे, असं काहीसं त्यांना कळलंय.

मी सुरी घेतली तर पुनमने हात धरला. "माय म्हने, आख्खा डांगरले बाईनी पहिले चाकू लावाना नही." पहिला घाव पुरुषाने घालायचा. मला हसू आलं, पण मम्मीने मान डोलावली — आमच्याकडेही तसंच म्हणे! पप्पांना दुकानातून बोलावलं. पप्पा आले, बाह्या सरसावल्या, सुरी उचलली. तेवढ्यात दादी बाहेर आली.

"त्याला तोंड काढणार?"

"हो, डोळे, नाक, दात..."

"मग कापायचं नाही. नाक-डोळे दिले की मनात त्याचा जीव झाला. जीव समजून कापायचं? पाप लागतं."

पप्पा सुरी धरून उभेच. पुनम डोळे विस्फारून म्हणाली, "तुमनाकडे डांगरलेबी जीव शे!" मी रडकुंडीला आले. बाईने कापायचं नाही, पुरुषाने कापायचं नाही, रात्र नाही, अंधार नाही — मग हॅलोविन कशाचं करू, आमरसाचं?

दीदी आली. टिकल्यांची पाकिटं आणली, काळ्या मोठ्या टिकल्यांचे डोळे लावले, दादीच्या जुन्या ओढणीची गोट्याची चमचमती जरीकिनार उसवून दात केले. कापाकापी काही नाही. डांगर असं भयानक दिसायला लागलं की दादी स्वतः म्हणाली, "नाकाला अजून मोठी टिकली लाव."

दीदी किती हसत होती! पप्पा दारातून बघत होते. दुकानात परत जायचं विसरले. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, जमतंय. राहतेय ती.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सगळी कोडी झाली. हाडं आहेत, मांस नाही, तरी दवाखान्यात उभा — हाडांच्या डॉक्टरकडचा सांगाडा. कपडे दुसऱ्याचे, पगार नाही, दिवसरात्र ड्यूटी — हायवेपलीकडच्या शेतातलं बुजगावणं. दिवसा उलटं लटकून झोपणारे — मेहरूण तलावाकडची वटवाघळं, लांबूनच फोटो, दगड मारायचा नाही. गावातला सर्वात भयानक चेहरा — आधार कार्डावरचा स्वतःचा!

शेवटचं कोडं चुलतभाऊ अर्हमसाठी. तो पांढरी चादर पांघरून सोसायटीच्या बागेत चिंचेखाली फिरणार, बाकीच्यांनी त्याला शोधायचं. लिहिलंय — "पांढऱ्या कपड्यातली, अनवाणी, आवाज न करता चालते. हाक मारली तरी मागे वळून बघत नाही." चांगलं झालंय. एका दमात सुचलं.

फोटोंसाठी नवा ग्रुप करायचा कंटाळा आला. बहुतेक सगळे आमच्या परिवाराच्या ग्रुपवर आहेतच. त्यातच पुनमला आणि तिच्या रूमवरच्या सारिकाला घेतलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आजच लिहायला हवं.

दोनला सुरू झालं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काळे पडदे लावले तर ऊन इतकं की दादीने ते वर करायला लावले. पप्पा चक्क काळा शर्ट घालून आले. पाणीपुरी बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची — सावद्याची केळी, भूत काय तक्रार करणार? दीदीची जोडी मम्मीशी. मम्मी! गालावर कोळ्याचं जाळं, डोक्यावर काळी ओढणी, स्कूटरवर मागे बसून दीदीला ओरडत होती — "हळू! हळू! ट्रक!" मी आणि पप्पा पार्किंगमध्ये बसून फोटो तपासत होतो.

दीदीचे फोटो एकामागून एक येत होते. सांगाड्याच्या खांद्यावर हात टाकलेला. बुजगावण्याशेजारी तसेच हात पसरून उभी. आधार कार्ड गालाला लावून, तेच तोंड करून. पप्पा प्रत्येक फोटो मोठा करून बघत होते. चष्मा पुसत होते. पाचच्या आत मायलेकी सगळ्यांच्या आधी परत आल्या, जिंकल्या, आणि मम्मी लहान मुलीसारखी उड्या मारत होती. दीदीने डोक्यावर कागदाची काळी टोपी घातली. मी विचारलं, "पुण्यातली आठवते का?" म्हणाली, "ती फार टोचायची. ही बरी."

आणि तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

पुनमचा फोटो. पुढे पुनम, दोन बोटं वर करून, दात काढून. मागे रस्त्याच्या कडेने दोन महासतीजी चाललेल्या. पांढरी वस्त्रं, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, काखेत रजोहरणाचा लोकरी झाडू, अनवाणी. खाली पुनमने लिहिलेलं — "पांढरी भूतबाई सापडली!! एक नाही दोन!! आम्ही जिंकलो!!"

परिवाराच्या ग्रुपवर. काका, आत्याचे यजमान फुवा, मामा, सेंधव्याचे दादीचे भाऊ. सगळ्यांसमोर.

दादीने डोळे मिटून हात जोडले. पप्पांचा चेहरा मी बघू शकले नाही. पुनम गाडी उडवत आली आणि सगळ्यांकडे बघून बावचळली. "तूच लिखेल शे ना व! पांढरा कपडा, अनवानी, आवाज नही करत... माले वाटनं तुमना महासतीजीच शेतस. मना काय चुकनं?"

काही नाही चुकलं तिचं. मी चिंचेखालच्या अर्हमसाठी लिहिलं होतं — पण लिहिताना डोळ्यांसमोर अर्हम नव्हता. भूतही नव्हतं. पांढऱ्या कपड्यातली दीदी होती. हाक मारली तरी न वळणारी. मी तिला कोड्यात घातली, आणि पुनमने बरोबर ओळखलं.

मी बोलणार तेवढ्यात दीदी हसायला लागली. आधी तोंड दाबून. मग दाबलंच जाईना. टोपी पडली, खाली फरशीवर बसली, पोट धरून हसतेय, डोळ्यांतून पाणी. "पुनम... दोन बोटं काय वर केलीयत गं..." आणि पुन्हा सुरू. मग पुनम हसली, मम्मी हसली, अर्हम चादरीसकट लोळला. दादीसुद्धा तोंडाला पदर लावून हलत होती.

पप्पा एकटे हसत नव्हते. ते दीदीकडे बघत होते.

मी पुनमला फोटो काढून टाकायला सांगितलं. व्हायचं ते होऊन गेलं होतं. सूर्य मावळायच्या आत सगळे जेवले. मी नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून फोन. फुवा: "मुली हाताबाहेर गेल्या." मामा: "महासतीजींना भूत म्हणता?" काकांनी तर मला ग्रुपमधून काढूनच टाकलं. माझी बाजू एकटी पुनम घेते आहे, आणि तिला अजून नक्की काय झालं ते कळलेलं नाही.

दीदी स्थानकात गेली आणि हसतच परत आली. पप्पा कोणाशी बोलत नाहीत. दुकान उघडून बसलेत. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

२ नोव्हेंबर, रविवार

अजूनही ओरडले नाहीत. चार वेळा त्यांच्यासमोरून गेले. एकदा मुद्दाम पेला पाडला. "लागलं का?" विचारलं फक्त.

३ नोव्हेंबर, सोमवार

पप्पा आज मम्मीला घेऊन स्थानकात गेले. माफी मागायला. मम्मीने सगळं सांगितलं, तसं लिहिते.

पप्पांनी हात जोडले. "माझ्या धाकट्या मुलीच्या खेळात तुमचा अविनय झाला. मिच्छामि दुक्कडं." मोठ्या महासतीजींना सगळं आधीच माहीत होतं, दीदीने सांगितलेलं. त्या म्हणाल्या, "आमच्यामुळे त्या मुली जिंकल्या का?" पप्पा म्हणाले, "नाही. प्रियल जिंकली." आणि चष्मा पुसला. म्हणाले, "तिला माझी आज्ञा आहे."

असंच! मम्मीला न विचारता! मला न विचारता!

रिक्षात मम्मीने विचारलं, हे काय केलंत. तर म्हणाले, "मला वाटत होतं पोरगी कशाने तरी दुखावलीय म्हणून चाललीय. रडत निघाली असती तर उचलून घरी आणली असती. पण दुखावलेलं माणूस असं हसत नाही. त्या दिवशी बघितलंस ना? मग आता मी तिला कशावरून अडवू?"

म्हणजे मी. मीच! मी कोडी लिहिली, मी नियम केले, मी बहिणीला पोटभर हसवलं, आणि त्या हसण्यावरच पप्पा हो म्हणाले. नीट, उदास, कंटाळवाणी पार्टी केली असती तर ती आज राहिली असती. पप्पांवर चिडले आहे. पुनमवर चिडले आहे. त्या डांगरावर चिडले आहे, ते अजून कोपऱ्यात दात काढून बसलंय. आणि दीदीवर सगळ्यात जास्त. मला ती हवी आहे. बस्स, हवी आहे. याला काही कारण लागत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. पाण्याच्या टाकीमागे दीदी. रडत होती. ओढणी तोंडात कोंबून. मी शेजारी बसले. तिने माझा हात घट्ट धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"पप्पा इतक्या लवकर हो म्हणतील असं वाटलं नव्हतं गं," म्हणाली.

खाली पप्पा सोसायटीत पेढे वाटत होते.